हवेवर ठेवलेला लोड

“लिही,” आप्पा म्हणाले. “अठरा मे. चाळीस बॉक्सन, सगळे रिकामे. अकरा पस्तीसला चार नंबरच्या लाइनवर लोड घेतला.”

“घेतला म्हणजे आणून उभा केला?”

“हो. स्टेबल्ड लिही. रूल बुकात तोच शब्द आहे.”

मी लिहिलं. आईच्या शिवणयंत्राचं झाकण बंद करून त्यावर कागद ठेवले होते. सकाळचे नऊ वाजले होते, पण रेल्वे क्वार्टरची पूर्वेची भिंत तेव्हाच हाताला गरम लागत होती. आप्पा तळखेड जंक्शनला मालगाडीचे गार्ड होते. त्यांना निवृत्त व्हायला चौदा महिने राहिले होते. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय इंग्रजी. नववीत गेल्यापासून त्यांचे रजेचे, पासाचे, बदलीचे सगळे अर्ज मीच लिहीत आले होते. ते मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत उतरवायची.

हा अर्ज नव्हता. दुसऱ्या दिवशी तीन अधिकारी चौकशीला येणार होते आणि ज्याचा त्याचा जबाब लेखी द्यायचा होता.

मालगाडीला आप्पा कधी गाडी म्हणत नसत. गाडी म्हणजे पॅसेंजर. मालगाडी म्हणजे लोड. कोळशाच्या उघड्या वाघिणी म्हणजे बॉक्सन. एकटं धावणारं इंजिन म्हणजे लाइट. लहानपणापासून हे शब्द कानावर होते, त्यामुळे मला ते समजतात असं मी धरून चालले होते.

“पुढे,” आप्पा म्हणाले. “इंजिन लोडपासून तोडून दिलं. आमच्या लोडला दुसरं इंजिन अर्ध्या तासात येणार होतं. म्हणून पॉइंट्समन उखाला सांगितलं, हवेवर ठेव.”

माझं पेन थांबलं. “हवेवर ठेव म्हणजे?”

“एवढी वर्षं ऐकतेस की.”

“ऐकते. पण लिहिताना कळायला हवं ना.”

आप्पांनी दोन्ही तळवे एकमेकांवर दाबून धरले. “इंजिन सुटलं की डब्यांचे ब्रेक आपोआप आवळतात. सिलिंडरमधल्या हवेच्या जोरावर. लोड जागचा हलत नाही. पण हवाच ती. कुठून ना कुठून झिरपते. एखाद्या डब्याची तासाभरात जाते, एखाद्याची चार तास टिकते. म्हणून नियम असा, की तिच्यावर विसंबायचं नाही. दोन्ही टोकांचे सहा-सहा डबे हँडब्रेकने आवळायचे, चाकाखाली लोखंडी स्किड सरकवायचे, साखळीला कुलूप लावायचं. त्याला लोड बांधणं म्हणतात.”

“आणि बांधला नाही.”

“नाही बांधला.” त्यांनी हात सोडले. “बारा हँडब्रेक असतात. उन्हात त्यांना हात लावून बघ एकदा. निम्मे गंजलेले, दोघांनी लोंबकळल्याशिवाय फिरत नाहीत. आणि अर्ध्या तासाने इंजिन आलं की तेच बारा परत सोडवायचे. म्हणून इंजिन येणार असलं की कोणीच बांधत नाही. सगळे हवेवर ठेवतात. मीही कित्येक वर्षं ठेवत आलोय.”

“हेही लिहून द्या,” आई चुलीकडून म्हणाली. “कित्येक वर्षं ठेवत आलोय. साहेब हार घालतील.”

“तू तुझी भाकरी बघ.”

“भाकरीच बघते आहे. पुढच्या वर्षी कुठल्या घरात थापायची तेवढं सांगा.”

 आप्पा माझ्याकडे वळले. “हे नीट लिही. उखा निघाला होता. डोक्याला फडकं बांधलं, स्किड खांद्यावर घेतला आणि लोड बांधायला निघाला. मी हाक मारून परत बोलावलं. म्हटलं, राहू दे रे, उन्हात मरशील, हवेवर ठेव. तो म्हणाला, बाबू, दोन तरी आवळतो. मी म्हटलं, आधी जेवायला चल. जाताना स्टेशन मास्तरच्या रजिस्टरला लोड सुरक्षित आहे म्हणून सही केली.”

“सगळं लिहायचं?”

“झालं तेवढं सगळं.”

पुढचं मला माहीत होतं, सगळ्या तळखेडला माहीत होतं. आमच्या लोडसाठी निघालेलं इंजिन वाटेत दुसऱ्या, कोळशाने भरलेल्या लोडला लावलं. एक तास गेला, दोन गेले. चार नंबरच्या लाइनला नदीच्या बाजूला बारीक उतार आहे, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पावणेदोनला चाळीस डबे आवाज न करता निघाले. लाइनच्या टोकाला, निसटलेले डबे मेन लाइनवर जाऊ नयेत म्हणून, रुळांचा सांधा वाळूच्या ढिगाकडे वळवून ठेवलेला असतो. पहिले सहा वाळूत घुसले आणि आडवे होऊन मेन लाइनवर पडले. अकरा तास दोन्ही बाजूंच्या गाड्या अडकल्या. माणूस कोणी गेला नाही. रेल्वे फाटकावरच्या गेटवाल्याची एक बकरी मेली, तिची नोंद कुठे झाली नाही.

“मेजर येईल का?” मी विचारलं. चार्जशीट दोन प्रकारची असते हे मला माहीत होतं. मायनर म्हणजे ठपका नाहीतर एखादी वेतनवाढ बंद. मेजर म्हणजे नोकरीसुद्धा जाऊ शकते, आणि नोकरी गेली की पेन्शन जातं, क्वार्टर जातं.

“येईल ते येईल. लिही तू.”

उखा दुपारी बाराच्या सुमाराला आला. उखा झिपरू सपकाळे, पॉइंट्समन. सांधे बदलायचे, डबे जोडायचे-तोडायचे, लोड बांधायचे, हे त्याचं काम. आप्पांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल. तो दारातच उकिडवा बसला आणि खिशातून चौघडी केलेला कोरा कागद काढला.

“ताई, माझंबी लिहून दे.”

“आत ये ना,” आप्पा म्हणाले.

“नको, चपलीला ग्रीस आहे. वहिनी शिव्या देतील.”

“चपलीला नाही देणार,” आई म्हणाली. “अकलेला देईन. दोघांच्याही.”

उखा मोठ्याने हसला. मग कागद माझ्याकडे सरकवून आवाज खाली आणून म्हणाला, “बाबू, मी काय म्हनतो, तुम्ही परत बोलवलं ते राहू द्या. मी इसरलो असं लिहू. पॉइंट्समनला काय, मायनर देतील. दोन वर्सं वाढ बंद. तुम्हाला मेजर येईन, शेवटी शेवटी.”

“तू विसरला होतास का?”

“नाही.”

“मग?”

“मग काय मग. माझी बायको म्हनली, बाबूला वाचव.”

“बायकोला सांग, बाबू म्हातारा आहे, खोटं लिहून दिलं तर पुढे आठवणार नाही काय लिहिलं होतं.” आप्पा पुन्हा माझ्याकडे वळले. “त्याचा जबाब माझ्यासारखाच लिही. मी बोलावलं, म्हणून तो परत आला. दोघांच्या कागदावर एकच आलं पाहिजे.”

उखाने मान हलवली. “लिव मग, ताई. तुझा बाप काही ऐकायचा नाही.”

मी लिहायला बसले. ते दोघं व्हरांड्यात जाऊन बिडी ओढत होते. आई आत आली, माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिली.  मी पहिला जबाब पूर्ण केला, मग दुसरा. दोन्ही एकेका पानात बसले.

आप्पा आत येऊन कोनाड्यात चष्मा शोधायला लागले. त्यांना इंग्रजी वाचता यायचं, रूल बुक त्यांनी अनेकदा वाचलेलं होतं. पण एकेक शब्द जुळवत हळूहळू वाचायचे.

“बसा,” मी म्हटलं. “मीच वाचून दाखवते.”

मी दोन्ही जबाब मराठीत वाचून दाखवले. उखा फडक्याने मान पुसत ऐकत होता. लोड केव्हा आला, इंजिन केव्हा तोडलं, उखा स्किड घेऊन कसा निघाला, आप्पांनी त्याला परत कसं बोलावलं, काय म्हणाले, मग दोघं जेवायला कसे गेले.

“बरोबर,” आप्पा म्हणाले आणि सही केली.

उखाला पूर्ण नाव लिहायला वेळ लागला. ‘सपकाळे’मधला ‘ळ’ त्याने दोनदा गिरवला.

दुसऱ्या दिवशी आप्पा अकराला गेले आणि चारला परत आले. हातपाय धुतले. मी चहा आणून दिला. चौकशीत काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. कप रिकामा करून खाली ठेवताना एवढंच म्हणाले, “तुझं इंग्रजी चांगलं आहे.”

मला बरं वाटलं.

दीड महिन्याने निकाल आला. आप्पांना देखरेखीत कसूर म्हणून मायनर, एक वेतनवाढ बंद. उखाला कामावरून काढलं.

मला वाटलं होतं, त्यालाही मायनर मिळेल. तो स्वतःच तसं म्हणाला होता. हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं.

मी वाचून दाखवलं, त्यात आप्पांनी उखाला परत बोलावल्याचं वाक्य होतं. कागदावर नव्हतं. दोन्ही जबाबांतून मी तेवढं एकच वाक्य, ‘हवेवर ठेव’सकट, गाळलं होतं. बाकी सगळं खरं होतं. आप्पांच्या जबाबात उखा स्किड घेऊन लोड बांधायला निघाला आणि आप्पांनी रजिस्टरला सही केली. उखाच्या जबाबात तो स्किड घेऊन निघाला, हँडब्रेक आवळले नाहीत, जेवायला गेला. एवढंच. एकही खोटा शब्द लिहावा लागला नाही.

त्यानंतर आप्पांनी मला कधी अर्ज लिहायला सांगितला नाही. पेन्शनचे कागदसुद्धा त्यांनी स्वतःच इंग्रजीत लिहिले, चुका करत, खाडाखोड करत. मला वाटलं, माझं लग्न ठरलंय, म्हणून त्रास देत नसतील. निवृत्त झाल्यावर त्यांनी तळखेडलाच स्टेशनामागे दोन खोल्या घेतल्या. शेखर, माझा भाऊ, सुरतेला गेला. आई गेल्यावर ते एकटे राहिले. मी जायची तेव्हा ते पेपर वाचत बसलेले असायचे. स्टेशनवर चक्कर मारा, जुन्या लोकांत बसा, असं मी म्हटलं की म्हणायचे, “जाऊन येईन.” गेलेले मी पाहिले नाहीत.

या वर्षी मार्चमध्ये आप्पा गेले. तेवीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला.

अंत्ययात्रेला शेजारचे आले, शेखरचे दोन मित्र आले, माझ्या सासरचे आले. यार्डातलं कोणी आलं नाही. ज्या माणसाने तळखेडच्या यार्डात आयुष्य काढलं त्याला खांदा द्यायला एकही रेल्वेचा माणूस नव्हता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेखरला म्हटलं, मी जाऊन येते, आणि गेटपलीकडे उखाच्या घरी गेले.

उखा बाजेवर बसून पालेभाजी निवडत होता. सत्तरीला आला असावा, केस पूर्ण पांढरे. त्याने मला लगेच ओळखलं. बस म्हणाला नाही.

“कळलं मला,” तो म्हणाला. “बाबू गेला ते.”

“कोणी आलं नाही, काका. यार्डातलं एकही.”

“नाही आले.”

“का?”

त्याने जुडीतल्या काड्या बाजूला काढल्या. “तू लहान होतीस का तेव्हा? कॉलेजात होतीस. तुला काय माहीत नाही?”

“काय?”

“चौकशीत काय झालं ते.”

“आप्पा काही बोलले नाहीत कधी.”

“कसा बोलेन.” त्याने पाटी खाली ठेवली. “मग आईक. आधी त्याला बोलवलं, मला बी बरोबर बसवलं. मोठ्या साहेबानं विचारलं, काय झालं. बाबू उभा राहिला आन् सगळं सांगितलं. मी परत बोलवलं, माझी चूक, याची नाही. मी मनात म्हनलो, वा रे वा माझा बाबू. साहेब हसला. म्हनला, झांबरे, तुम्ही मोठ्या मनाचे आहात, पन तुमच्या जबाबात हे नाही. याच्या जबाबात बी नाही. आता मानसाला वाचवायला नवीन सांगता का? बाबू म्हनला, दाखवा. साहेबानं कागद दिला. तुझ्या बापानं चष्मा लावला. वाचला. परत वाचला. माझा बी वाचला. मग कागद ठेवला टेबलावर.”

“मग?”

“साहेबानं विचारलं, सही तुमची आहे ना? म्हनला, माझी आहे. काय लिहिलंय ते बरोबर आहे? लई वेळ गप बसला. मग म्हनला, बरोबर आहे.”

घरात कोणी तरी मिक्सर लावला. तो थांबल्यावर उखा पुढे बोलला.

“मी त्याला आधीच म्हनलो होतो, माझ्यावर टाक. आपून होऊन देत होतो की नाही, तुझ्यासमोर? तेव्हा घेतलं नाही. मोठेपना केला. आन् मग फसवून घेतलं. कागदावर एक, तोंडानं एक. साहेबासमोर बी चांगला, माझ्यासमोर बी चांगला. एकदा आला होता इथं, महिन्याभरानं. उंबऱ्यात उभा. मी विचारलं, काय सांगायचंय ते सांग. काही बोलला नाही. मी दार लावलं.”

“कागद त्यांनी लिहिला नव्हता, काका.”

“तू लिवला होतास, माहीत आहे ना. त्यानं सांगितलं तसा.”

“नाही. त्यांनी सांगितलं तसा मी तुम्हाला वाचून दाखवला. लिहिताना परत बोलावल्याचं वाक्य गाळलं. तुमच्या जबाबातूनही. त्यांना माहीत नव्हतं. त्या खोलीत कागद हातात घेतला तेव्हाच कळलं असणार.”

उखा माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, तो उठेल. उठला नाही.

“पोरीनं लिवलं, एवढं सांगता आलं असतं की त्याला.”

“हो.”

“माझ्या दारात उभा राहून तरी सांगायचं.”

“हो.”

“तेवीस वर्सं मी त्याला दगाबाज म्हनलो.” त्याचा आवाज मोठा नव्हता. “स्टेशनबाहेर हॉटेलात बसून म्हनलो. तो समोरून जायचा तेव्हा मुद्दाम मोठ्यानं म्हनलो. पहिले पहिले जायचा तो, मग नदीकडच्या रस्त्यानं जायला लागला. आईकलं असन त्यानं.”

त्याने खाली ठेवलेली पाटी पायाने बाजूला सरकवली.

“तू कशाला आलीस? माफी मागायला?”

“कोणी का आलं नाही ते विचारायला आले होते. पण माफीही मागायची आहे.”

“ती मला नको.” त्याने गुडघ्यावरची पानं झटकली. “नोकरी गेली, गेली. पोरं मोठी झाली, खातोय. माझं मी बघून घेईन. पन ते चौघं. गोविंदा केबिनवाला, रहीमभाई, भास्कर, तो मोरे गार्ड. मी सांगितलं म्हनून त्यांनी बाबूशी बोलनं टाकलं. ते आत्ता तिथंच बसलेले असतीन.”

तो उठला, बाजेखालच्या चपला पायात सरकवल्या.

“चल.”

“आत्ता?”

“मग कधी? मी सांगितलं तर म्हनतील, म्हातारा इरघळला, मेल्यावर चांगलं बोलतोय. तू सांग.”

आम्ही गेट ओलांडून स्टेशनकडे निघालो. तो पुढे, मी मागे.  हॉटेलच्या बाहेर निंबाखाली दोन बाकं होती आणि त्यावर चार म्हातारे बसले होते. एकाच्या हातात पेपर होता. उखा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“ही झांबरे गार्डची कुंदा,” तो म्हणाला. “चार नंबरच्या लोडचं सांगायचंय तिला. मध्ये कोनी बोलू नका. चहा बी सांगू नका.”

पेपरवाल्याने पेपराची घडी केली. शेजारच्याने बाकावर सरकून जागा केली. मी बसले नाही.

“कुंदा म्हणजे इंग्रजी लिहायची तीच ना?” त्यांच्यातल्या एकाने उखाला विचारलं. “बाबू सांगायचा, माझी पोरगी लिहिते सगळं. त्या वेळचंही हिनेच लिहिलं होतं का?”

उखाने माझ्याकडे पाहिलं.

“हो,” मी म्हटलं. “मीच लिहिलं.”